मराठवाड्यातली निजामकालीन पाकिटं : तिकीट उचकटायच्या आधी हे वाचा

काळीमाती

राम राम मंडळी.

इथं जुन्या तिकिटांचा विषय निघाला की बोलणं शेवटी सिंध डाक नाहीतर राणीचं डोकं चुकून उलटं छापलेलं चार आण्याचं तिकीट यावर येऊन अडतं. सिंध डाक 1852 ची, बार्टल फ्रियरनं कराचीकडं काढलेली. ती तुमच्या-माझ्या हाताला लागणं या जन्मी तरी कठीण. आणि आपल्या मराठवाड्यात माळ्यावर, कोनाड्यात, पेढीच्या लोखंडी पेटीत जे आजही पडून आहे, त्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून हा धागा.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपला मुलूख निजामाचा. त्यामुळं आपल्या पणजोबांना दोन टपालखाती होती. एक निजामाचं, एक इंग्रजाचं. निजामी तिकीट चालायचं फक्त संस्थानाच्या हद्दीत. जालन्याहून परभणीला पत्र टाकायचं तर निजामी तिकीट, पुण्या-मुंबईला टाकायचं तर इंग्रजी तिकीट आणि इंग्रजी पोस्ट. हे इंग्रजी पोस्ट आधी आलं ते छावण्यांमुळं. हैदराबाद कंटिंजंटच्या फौजा औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, होत्या. 1903 साली कंटिंजंट मोडून इंग्रजी सैन्यात मिसळली आणि छावण्यांची रया गेली.

नाणीही दोन. निजामाचा हाली शिक्का आणि इंग्रजांचा कलदार. सात हाली रुपयांना सहा कलदार असा ढोबळ हिशोब. म्हणजे निजामी एक आणा आणि इंग्रजी एक आणा हे एक नव्हेत. एकाच पेढीवरचा मुनीम सकाळी दोन प्रकारची तिकिटं, दोन प्रकारच्या पैशात, दोन खिडक्यांवरून आणत असणार. मुंबई इलाख्यातल्या संग्राहकाला ही मजा नाही.

आता मुद्द्याचं. जालन्यात ओळखीच्या एका घराचा जुना वाडा पाडायला काढलाय. सरकी-कापसाची आडत होती त्यांची. रद्दीवाला दारात उभा होता, किलोवर भाव ठरला होता, तेवढ्यात घरच्या सूनबाईंनी मला फोन केला. ओसरीच्या तुळईला गळासारख्या वाकवलेल्या लोखंडी तारा लटकत होत्या आणि प्रत्येक तारेत पत्रं ओवलेली. जुन्या पेढ्यांची हीच फाईल. आलेलं पत्र वाचलं, जबाब लिहिला, की खुपसलं तारेत. खालची पत्रं सगळ्यांत जुनी, वरची नवी. प्रत्येकाला मधोमध गंजाच्या कडेचं भोक. वरच्या चार बोटांची पत्रं धुरानं काळी झालेली, आतली मात्र अशी कोरी की अक्षरावरची रेती अजून चकाकते.

घरातल्या एका पोरानं तिकिटं छान दिसतात म्हणून तेवढी कात्रीनं कापून वहीत चिकटवायला घेतली होती. त्याचा हात धरला. पण असे हात घराघरात आहेत, म्हणून सांगतो: आपल्या भागातल्या या मालात तिकीट बहुतेक वेळा साधं असतं. किंमत आहे ती पाकिटाला. कुठून निघालं, कोणत्या खात्यानं नेलं, कुठं शिक्का बसला, किती पैसे पडले, हे सगळं पाकिटावर आहे. तिकीट कापलं की ते सगळं गेलं.

जाणकारांनी आपापली भर घालावी. निजामी शिक्के वाचता येणारं कुणी असेल तर फारच बरं.

---

तिकीटवेडा

उत्तम धागा. नवख्यांसाठी निजामी तिकिटांची थोडी ओळख करून देतो.

पहिलं तिकीट 1869 चं, एक आण्याचं, शेवाळी हिरवं. त्याच्या पाठोपाठ अर्धा आणा आणि दोन आण्याची, अगदी सांगाड्यासारख्या उघड्या नक्षीची तिकिटं आली. इंग्रजीत त्यांना स्केलेटनच म्हणतात. ही खरी दुर्मीळ. यांचे नंतर छापलेले रीप्रिंटही बाजारात फिरतात, तेव्हा कुणी "1869 चं आहे" म्हणून पुढं केलं की लगेच खिशात हात घालू नका.

1871 पासून जी नक्षी आली ती पुढं कित्येक वर्षं चालली. लंडनच्या ब्रॅडबरी विल्किन्सननं छापलेली. मध्ये फारसी मजकूर आणि किंमत चार भाषांत: इंग्रजी, उर्दू, तेलुगू आणि आपली मराठी, देवनागरीत. राज्याचा कारभार आधी फारसीत, मग उर्दूत. पण तिकिटावर मराठीला जागा होती. तुमच्या तारेवर सगळ्यांत जास्त सापडेल ते हेच तिकीट. सुटं असलं तर चहाच्या पैशात मिळतं.

आणि 1931 ची चित्रमालिका. तिच्यात आपल्या मुलखाची दोन तिकिटं आहेत. आठ आण्यावर अजिंठा लेण्यांचं प्रवेशद्वार, एक रुपयावर दौलताबादचा चांदमिनार. एक आण्यावर चारमिनार, दोन आण्यावर हायकोर्ट, चार आण्यावर उस्मानसागर. माझ्याकडं रुपयाचं कोरं आहे, पण पाकिटावर लावलेलं अजून नाही. रुपयाचं टपाल म्हणजे जाडजूड रजिस्टर नाहीतर पार्सल, आणि पार्सलाचं वेष्टण कोण जपून ठेवतं?

---

बीडकर_पण_मुंबईत

धागा वाचायला बरा वाटतो, पण भावाचं बोला की. काळीमाती म्हणतात किंमत पाकिटाला आहे. किती? मी दोनदा असली निजामी पाकिटं विकायला काढली, फोर्टातल्या विक्रेत्यानं नजर टाकली आणि "भोक आहे" म्हणून परत केली. लिलावात तर भोकवाल्या मालाला कुणी हात वर करत नाही.

---

काळीमाती

@बीडकर, भोक हे वैगुण्य आहेच, नाही कोण म्हणतो. भोक तिकिटातून किंवा शिक्क्यातून गेलं असेल तर भाव पडतो. पण पाकिटाच्या मोकळ्या जागेतून गेलं असेल तर आपल्याकडच्या व्यापारी टपालात ते राहणारच. उलट एकाच तारेवरची, एकाच पेढीची सलग पत्रं असतील तर ती सुटी करून विकण्यात अर्थ नाही. वीस वर्षांचा कापसाचा भाव, हुंड्या, दुष्काळात कोण बुडालं, सगळं त्यात येतं. फोर्टातला माणूस सुट्या नगाकडं बघतो, त्यात त्याची चूक नाही, धंदाच तसा आहे. त्याच्या नजरेनं मात्र आपण बघू नये.

आकडे मी देणार नाही. इथं दिलेला आकडा उद्या कुणीतरी रद्दीवाल्याला दाखवतो, आणि परवा तोच रद्दीवाला दुसऱ्या वाड्यात जाऊन सगळं कापून सुटं करून आणतो.

---

पाणचक्की

काळीमाती भाई, शिक्के मी वाचून देईन. आमचे आजोबा तहसिलीत अहलकार, म्हणजे कारकून, होते, त्यांच्या हाताखाली घरातच शिकले मी.

काही खुणा इथंच सांगते, सगळ्यांना उपयोग होईल. निजामी कागदावर तारीख बऱ्याचदा फसली, म्हणजे महसुली, सालात असते. हे साल ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजर महिन्यापासून चालू होतं. महिने असे: आजर, दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवार, मेहेर, आबान. इसवी सन काढायचा तर जानेवारी ते सप्टेंबरसाठी फसलीत 591 मिळवा, ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी 590. म्हणजे 1357 फसलीचा आबान हा 1948 चा सप्टेंबर. आपल्या जिल्ह्यांत ज्यांच्या घरी जमिनीचे जुने कागद आहेत त्यांनी हे गणित बापाकडून ऐकलेलं असेलच.

उर्दू आकड्यांत फसगत होते ती तीन ठिकाणी. शून्य म्हणजे नुसता ठिपका. शाई पसरली की तो दिसतच नाही आणि 1340 चे लोक 134 वाचतात. सात म्हणजे इंग्रजी व्हीसारखा, आठ म्हणजे तोच उलटा. पाकीट उलटं धरलं की साताचा आठ झालाच. आणि पाच हा गोल, बदामासारखा असतो, त्याला लोक शून्य समजतात. शिक्का वाचायच्या आधी पाकिटावरच्या पत्त्याचं अक्षर सरळ आहे ना ते बघा, मग आकड्याला हात घाला.

फोटो पाठवताना उन्हात नको, सावलीत, खिडकीपाशी, आणि तिरक्या उजेडात एक वेगळा. पुसट शिक्का तिरक्या उजेडात उठतो.

---

मोडी_शिकतोय

@पाणचक्की ताई, ही माहिती वहीत उतरवून घेतली.

मोडीच्या बाजूनं एक भर. व्यापारी पत्रांत पत्ता वर उर्दूत आणि खाली मोडीत, किंवा मारवाडी पेढी असेल तर महाजनी अक्षरात, असं खूप दिसतं. पत्रलेखक एक, पत्ता लिहिणारा दुसरा. मोडीत गावाच्या आधी "मु॥" आणि "ता॥" असतं, तिथून वाचायला सुरुवात करा. माणसाचं नाव शेवटी सुटतं. आणि हो, पत्राच्या आत तिथी असते, शके असतं. शिक्क्यावरचं फसली साल, आतली तिथी आणि इंग्रजी शिक्का असेल तर इसवी तारीख, तिन्ही जुळवून बघा. टपालाला किती दिवस लागले ते तिथंच कळतं.

---

उदगीरचा_नाना

काय करूलालाव बा तुम्ही लोकं, इतकी वर्षं झाली माझ्याकडं एक पिशवीभर कागद हायेत, मी ते सगळे तिकिटंच समजूलालतो. आता बघूलालो तर अर्ध्यावर पोस्टाचं काही लिहिलेलंच नाही. राजाचा मुखवटा नाही, नुसता गोल छाप उठवलेला. हे काय प्रकरण?

---

तिकीटवेडा

नाना, ते टपालाचं नाही, मुद्रांक आहे. तमस्सुक म्हणजे कर्जरोखे, हुंड्या, दस्तऐवज, कोर्टाची फी यांना सरकारचा उठावाचा छाप किंवा वेगळं तिकीट लागायचं. निजामाचे तसले वेगळे होते. टाकून देऊ नका, त्यांचेही संग्राहक आहेत आणि अलीकडं त्यांची विचारणा वाढलीय. फक्त टपाली पाकिटांत मिसळू नका. "सरकारी" असं उर्दूत उठवलेलं टपाल तिकीट दिसलं तर ते मात्र टपालाचंच. सरकारी कचेऱ्यांच्या पत्रांसाठी नेहमीच्या तिकिटावर तो शब्द छापत.

---

उदगीरचा_नाना

हां, आता उजेड पडला. तमस्सुकच हायेत बहुतेक. आज्याला लई लोकांचं देणं होतं असं दिसूलालंय 😄

---

गोदाकाठ

नांदेडहून नमस्कार. तिकीट उचकटू नका हे शंभर टक्के मान्य, पण एक अपवाद सांगतो आणि त्यावर मार खायला तयार आहे.

1854 ची पहिली अखिल भारतीय तिकिटं, निळा अर्धा आणा आणि तांबडा एक आणा. कलकत्त्यात दगडावरून छापलेली, छिद्रं नाहीत, डिंक नाही. पोस्टात कात्रीनं कापून द्यायचे, लोक आपल्या खळीनं चिकटवायचे. ती खळ पिठाची. झुरळांना आणि कसरीला ती मेजवानी. माझ्याकडं आलेल्या पाकिटावर कसर तिकिटाखालूनच आत शिरली होती. तिकीट तसंच ठेवलं तर दोन्ही जाणार. तेव्हा पाकिटाचे नीट फोटो घेऊन, पुराभिलेखाच्या कामातल्या माणसाकडून तिकीट उचलून, खळ साफ करून, पुन्हा त्याच जागी बसवलं. यात वाईट काय झालं?

---

तिकीटवेडा

वाईट झालंच. पुन्हा बसवलेलं तिकीट म्हणजे तज्ज्ञाच्या दाखल्यावर तसा शेरा आला. कसर मारायला तिकीट उचलावं लागत नाही.

---

गोदाकाठ

शेरा येऊ दे. मला विकायचंय कुठं? मला ते माझ्या नातवापर्यंत पोचवायचंय.

---

काळीमाती

मी इथं गोदाकाठच्या बाजूनं आहे, एका अटीवर. जे केलं ते पाकिटासोबत चिठ्ठीवर लिहून ठेवा: कधी, कुणी, काय केलं. चिठ्ठी नसेल तर पुढच्या माणसाला ती लबाडी वाटेल.

1854 चं निघालंच आहे तर, ते तिकीट बघताना चारी बाजूंनी कागद किती सुटलाय हे पहिलं बघा. कात्री नक्षीत शिरलेली असेल तर भाव फार उतरतो. आणि आपल्या भागात ही तिकिटं मिळाली तर ती इंग्रजी छावणीच्या पोस्टातून गेलेली असणार, कारण निजामाचं स्वतःचं तिकीट आलं तेच 1869 ला. जालन्याचं जुनं इंग्रजी स्पेलिंग "जॉलना" असं उच्चारावं लागेल असं आहे, औरंगाबादचंही वेगळं. शिक्क्यातलं स्पेलिंग वेडंवाकडं दिसलं म्हणून बनावट ठरवू नका.

छावणीतल्या गोऱ्या शिपायांच्या पत्रांवर आठ पैचं जांभळं तिकीट शोधा, 1860 चं. शिपायांना आणि खलाशांना घरी एका पेनीत पत्र पाठवायची सवलत होती. तेव्हाच्या दरानं पेनी म्हणजे आठ पै. या तिकिटाचा जन्मच त्या सवलतीसाठी झाला. हिंगोली किंवा मोमिनाबादच्या शिक्क्यासह ते पाकिटावर कुणाकडं असेल तर कृपया मला एकदा नुसतं बघू द्या. विकत मागणार नाही, शब्द देतो.

---

परभणीची_रेवती

हा धागा वडिलांना वाचून दाखवला, त्यांनी एक प्रश्न विचारलाय. रेल्वे यायच्या आधी औरंगाबादहून मुंबईला पत्र जायचं कसं?

---

काळीमाती

@रेवती, वडिलांना नमस्कार सांग. मनमाड ते सिकंदराबाद ही गोदावरी खोऱ्यातली छोटी लाईन 1900-1901 ला पूर्ण झाली. त्याआधी आपल्याला जवळचं स्टेशन म्हणजे जी.आय.पी. रेल्वेचं नांदगाव. वेरूळ बघायला येणारे साहेब लोकही तिथंच उतरून टांग्यानं यायचे. डाकही त्याच रस्त्यानं. आतल्या गावांना हरकारे, भाल्याला घुंगरू बांधून पळणारे. म्हणून 1900 च्या आधीच्या पाकिटाची मागची बाजू नीट बघा, वाटेतल्या पोस्टाचा शिक्का असू शकतो. छोटी लाईन आल्यावर चालत्या गाडीत डाक निवडणाऱ्या आर.एम.एस.चे शिक्के येऊ लागतात, आणि परभणी, सेलू, मानवत, नांदेड ही कापसाची गावं टपालात एकदम ठळक होतात.

मागची बाजू म्हणालो त्याचं अजून एक कारण. इंग्रजी टपालात पोचलेल्या गावाचा शिक्का मागं मारत. आपल्याकडं लोक फोटो टाकतात तो फक्त तिकिटाच्या बाजूचा.

---

दगडी_पूल

बैरंगचं कुणी बोललंच नाही. पैसे न भरता पाठवलेलं पत्र; पोचवताना घेणाऱ्याकडून दुप्पट वसूल. पूर्वी लोक मुद्दाम बैरंग टाकायचे. तिकीट लावलेलं पत्र शिपायानं ओढ्यात टाकलं तरी त्याचं काय जातं, बैरंग मात्र पैशासाठी दारात आणून देणारच, हा हिशोब! जुन्या इंग्रजी टपालात पैसे भरलेल्याला तांबडा शिक्का आणि बैरंगला काळा असा रिवाज होता. तिकीट नाही म्हणून पाकीट रद्दीत टाकणारे लोक मी बघितलेत. तिकीट येण्याआधीची पत्रं तर तिकिटाविनाच असणार ना.

---

पैनगंगा

मला एक गोष्ट खटकते, बोलून टाकतो. निजामी तिकिटं, निजामी शिक्के, नक्षी किती सुंदर, हे सगळं ठीक. पण आमच्या घरी त्या राज्याची आठवण वेगळी आहे. चुलत आजोबा निजामाविरुद्धच्या लढ्यात उमरखेडच्या कॅम्पवर होते. त्यांची घरी आलेली पत्रं आमच्याकडं आहेत, 1948 च्या उन्हाळ्यातली. त्यांवर निजामाचं तिकीट नाही, आणि एका पाकिटावर तर इंग्लंडच्या राजाचा मुखवटा आहे. गावात एकानं सांगितलं की स्वातंत्र्यानंतर राजाचं तिकीट कसं असेल, हे बनावट आहे. आईला फार लागलं ते.

---

तिकीटवेडा

पैनगंगा, बनावट अजिबात नाही, आईंना निश्चिंत राहायला सांगा. 15 ऑगस्ट 1947 ला तिकिटं एका रात्रीत बदलली नाहीत. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, झेंड्याचं साडेतीन आण्याचं "जय हिंद", 21 नोव्हेंबर 1947 ला आलं. अशोकस्तंभाचं दीड आण्याचं आणि विमानाचं बारा आण्याचं 15 डिसेंबरला. सहाव्या जॉर्जची तिकिटं त्यानंतरही पोस्टात विकली जात होती आणि चालत होती. उमरखेड तेव्हा संस्थानाच्या हद्दीबाहेर, मध्य प्रांत-वऱ्हाडात. तिथून टाकलेल्या पत्रावर भारताचंच तिकीट असणार.

---

पाणचक्की

पैनगंगा भाऊ, तुमची पत्रं तर या धाग्यातल्या सगळ्या मालाहून मोलाची. निजामी शिक्के वाचते म्हणून मला तो काळ गोड वाटतो असं समजू नका. आमच्या घरातही त्या सालानं दोन्हीकडून ओरबाडलंय. ती पत्रं पाकिटातून वेगळी करू नका. पत्र आत, पाकीट बाहेर, जसं आलं तसं.

---

पैनगंगा

ताई, धन्यवाद. आईला वाचून दाखवतो.

---

काळीमाती

पैनगंगा, तुम्ही बोललात ते बरं केलं. संग्रह हा राज्यकर्त्याचा उदोउदो नव्हे, निदान मी तसा करत नाही. निजामाचं टपाल 17 सप्टेंबर 1948 नंतरही लगेच थांबलं नाही. संस्थानी तिकिटं 1950 पर्यंत वापरात राहिली. त्या मधल्या काळातली पाकिटं मला सगळ्यांत जास्त ओढतात. राज्य गेलंय, तिकीट तेच आहे, आणि पोस्टमनही बहुधा तोच.

---

बीडकर_पण_मुंबईत

बरं, भाव सांगायचा नाही तर निदान फसवणूक कशी ओळखायची ते तरी सांगा. मला एकानं निजामी आणि इंग्रजी अशी दोन्ही तिकिटं एकाच पाकिटावर असलेलं दाखवलंय. मागतोय ते ऐकून घाम फुटला.

---

तिकीटवेडा

दोन्ही तिकिटांच्या पाकिटाला असा भाव मागता येतो, म्हणूनच तर लोक ते घरी "तयार" करतात. साध्या निजामी पाकिटावर एक स्वस्त इंग्रजी तिकीट डकवलं की झालं. मी असं तपासतो:

शिक्का तिकिटावरून पाकिटाच्या कागदावर उतरलेला हवा आणि त्याची गोलाई जुळायला हवी. तिकिटावर अर्धा गोल आणि पाकिटावर काहीच नाही, म्हणजे तिकीट दुसरीकडून आलं. मग दर. हे पत्र इतक्या वजनाचं, या गावाहून त्या गावाला, त्या साली किती आण्यांत जायचं? तिकिटांची बेरीज त्याला जुळली पाहिजे. बनावट करणारा नक्षी जुळवतो, हिशोब जुळवत नाही. मग इंग्रजी तिकिटाचा वॉटरमार्क: 1865 पासून हत्तीचं डोकं, 1882 पासून तारा. 1870 च्या पाकिटावर ताऱ्याचं तिकीट निघालं तर नमस्कार करून उठा. शेवटी नोटा तपासायचा जांभळा दिवा घेऊन अंधारात बघा. जुना कागद मंद, मातकट दिसतो. कागद पांढराफटक निळसर चमकला तर तो गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांतला, त्यात उजळवणारं रसायन आहे. दुकानात दिवा लावू देत नसेल तर तेही उत्तरच आहे.

एक जास्तीचं. शंभर वर्षांपलीकडच्या वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर 1972 च्या पुरावशेष कायद्याची बंधनं आहेत. परदेशातला कुणी ऑनलाइन चांगला भाव देतो म्हणून पाकिटात घालून पाठवू नका.

---

परभणीची_रेवती

आणि ठेवायचं कसं? आमच्याकडं मे महिन्यात कागद पापडासारखा कडक होतो आणि श्रावणात ओला.

---

गोदाकाठ

रेवती, मार खाऊन झालाय तर हे मी सांगतो 😀

गोदरेजच्या कपाटाच्या सगळ्यांत वरच्या कप्प्यात नको, स्लॅबचा ताव तिथंच लागतो. खालचा कप्पाही नको, ओल. मधला कप्पा, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट. लग्नाच्या अल्बमची चिकट पानं, चिकटपट्टी, लॅमिनेशन, यांची नावं काढायची नाहीत. लॅमिनेशन केलेलं पाकीट म्हणजे मेलेलं पाकीट. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा वास मारणारा मऊ प्लास्टिकचा फोल्डरही वाईट, वर्षा-दोन वर्षांत तिकिटाची शाई त्याला लागते. मायलरच्या पारदर्शक बाह्या मिळतात, त्या मागवा. नसतील तर पांढरा, आम्लरहित कागद घडी करून मध्ये ठेवा. डांबरगोळी थेट कागदाशेजारी नको. कडुनिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवून फडक्यात बांधून कप्प्याच्या कोपऱ्यात ठेवतो मी, कागदाला न लावता. पण भिस्त त्यावर नाही. दर दोन महिन्यांनी उघडून बघणं, हेच खरं औषध. पावसाळ्यात पंख्याखाली वारा दाखवायचा, उन्हात कधीच नाही.

दुमडलेलं जुनं पत्र उघडताना मे महिन्यात उघडू नका. घडीवरच तुटतं. पहिला पाऊस पडून हवा मऊ झाली की उघडा.

---

मोडी_शिकतोय

शाळेतल्या मुलांसाठी टपाल खात्याची दीनदयाळ स्पर्श योजना आहे, सहावी ते नववीच्या तिकीट जमवणाऱ्या मुलांना वर्षाला 6000 रुपये शिष्यवृत्ती. आमच्या शाळेतल्या मुलांकडून तयारी करून घेतोय. त्यांना नवी तिकिटं आवडतात, साहजिक आहे. पण गेल्या शनिवारी एकाला निजामी तिकिटावरचं देवनागरी "आणा" भिंगातून दाखवलं तर त्यानं अख्खी मधली सुट्टी त्यावर घालवली.

---

उदगीरचा_नाना

पिशवी पुन्हा उपसलो. तमस्सुकांच्या खाली सात-आठ पाकिटं सापडूलालीत. एकावर दोन शिक्के हायेत, एक उर्दूतला, एक इंग्रजी. तिकीट अर्धं फाटकं. टाकू का फोटो?

---

काळीमाती

नाना, विचारताय काय! टाका. दोन्ही बाजू टाका, आणि आत पत्र असेल तर ओढून काढू नका, तसंच राहू द्या. इंग्रजी शिक्क्यात गावाचं नाव काय दिसतंय?

---

उदगीरचा_नाना

मोमि... पुढचं भोकात गेलंय.